डावा हात राखून ठेवा: फिस्टुलाबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात क्रिएटिनिनवर (रक्त तपासणीतला तो आकडा, किडनी बिघडली की वाढतो) लिहिलं आणि नंतर आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त फिस्टुलाचेच निघाले, म्हणून या वेळी दुसरं काही घेतलंच नाहीये. मी डायलिसिस युनिटला सिस्टर आहे, बावीस वर्षं झाली, डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्यांचे डोस मला विचारू नका, पण सुया रोज मीच लावते तर हाताबद्दल जे माहितीये ते सगळं सांगते. एका काकांनी लिहिलंय की फिस्टुला म्हणजे भगंदर ना, मग ते हातावर कसं? काका, तो फिस्टुला वेगळा. इथे हातातली धमनी आणि शेजारची शीर ऑपरेशन करून एकमेकींना जोडतात, धमनीतलं जोराचं रक्त शिरेत घुसतं, शीर हळूहळू फुगते, तिची भिंत जाड होते आणि मग डायलिसिससाठी, म्हणजे मशीनने रक्त साफ करायला, आठवड्यातून दोन-तीनदा जाड सुया सोसायची ताकद तिच्यात येते. बस, एवढंच आहे ते.

प्रश्न: ताई, वडील 61 वर्षांचे, शुगर पंधरा वर्षांपासून, क्रिएटिनिन 4.2 आहे. नेफ्रोंनी (किडनीच्या डॉक्टरांनी) फिस्टुला करून घ्या म्हणून दोनदा सांगितलं. वडील म्हणतात लघवी व्यवस्थित होते, शेतात जातो, जेवतो, मग हात कापून कशाला घ्यायचा, एकदा फिस्टुला केला की डायलिसिस मागे लागतंच. घरात कुणाचं ऐकत नाहीत. काय करू? (बार्शी)

उत्तर: दादा, हा प्रश्न मी महिन्यातून चार वेळा तरी ऐकते आणि विचारणारा दरवेळी मुलगा नाहीतर सून असते, पेशंट स्वतः कधीच विचारत नाही.

फिस्टुला केल्यामुळे डायलिसिस लागत नाही हो. किडनी जेवढी खराब व्हायची तेवढी तिच्या गतीने होते, हाताच्या ऑपरेशनचा तिच्याशी संबंध नाही. तुमच्या वडिलांचं वय आणि क्रिएटिनिन धरलं तर ईजीएफआर साधारण 15 च्या आसपास येतो, म्हणजे शंभरातली पंधरा टक्के किडनी काम करतेय असं ढोबळमानाने समजा. लघवी होते हे खरं, पण लघवी किती होते यावरून रक्त किती साफ होतंय ते कळत नाही, माझ्याकडे अडीच लिटर लघवी होणारे पेशंट डायलिसिसवर आहेत.

आता घाई कशाची ते सांगते. ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी सुई लावली असं होत नाही. शीर तयार व्हायला कमीत कमी 6 आठवडे, बऱ्याचदा तीन महिने जातात, शुगरवाल्यांच्या धमन्या कडक झालेल्या असतात म्हणून अजूनही वेळ लागतो. आणि सगळेच फिस्टुला तयार होत नाहीत, काही बंद पडतात, काहींना फुगा घालून शीर मोठी करावी लागते, काहींचं मनगटावरचं जमत नाही म्हणून कोपरापाशी पुन्हा करावं लागतं. हे सगळं धरूनच नेफ्रो सहा-सहा महिने आधी मागे लागतात. लागलंच नाही डायलिसिस लवकर, तर उत्तम, फिस्टुला हातात पडून राहील, काही खात-पीत नाही तो.

न केल्यास काय होतं ते मी पाहिलेलं सांगते. एक गृहस्थ होते, एसटीत कंडक्टर, त्यांना नऊ महिने आधी सांगितलं होतं. आले ते रात्री अडीचला, आडवं होता येत नव्हतं, पाणी छातीत भरलेलं, बायकोच्या खांद्याला धरून बसलेले. हातात शीर तयार नाही म्हणजे मानेत नळी टाकायची, आणि ती टाकताना माणसाला सपाट झोपवावं लागतं आणि ह्यांना तर झोपता येत नाही. टाकली कशीतरी, वाचले. तिसऱ्या आठवड्यात डायलिसिस चालू असतानाच थंडी वाजून दात वाजायला लागले, नळीतून इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. पुढे अठरा दिवस अॅडमिट. वडिलांना हे भीती घालायला सांगू नका, पण सांगा. आणि जमलं तर एकदा त्यांना तुमच्या जवळच्या डायलिसिस युनिटमध्ये घेऊन जा, फिस्टुला असलेल्या एखाद्या पेशंटशेजारी दहा मिनिटं बसू द्या. आमच्याकडे अशी किती माणसं तयार झाली, डॉक्टरांचं ऐकलं नाही पण शेजारच्या खाटेवरच्या शेतकऱ्याचं ऐकलं.

प्रश्नात नाही पण सांगते, काविळीची, हिपॅटायटिस बी ची लस आत्ताच सुरू करा. किडनीच्या पेशंटला डोस जास्त द्यावा लागतो आणि कोर्स सहा महिन्यांचा असतो, डायलिसिस सुरू झाल्यावर ती अंगाला तेवढी लागत नाही.

प्रश्न: सिस्टर, मला किडनीचा त्रास आहे, स्टेज 3 सांगितलीये. दर महिन्याला रक्त तपासायला जाते तर लॅबवाला कोपरापाशीच सुई घालतो, आणि अशक्तपणा आला की आमच्या गावातले डॉक्टर सलाईन लावतात, त्याने बरं वाटतं. नात्यातल्या एकीने सांगितलं की हातात सुई घेऊ नकोस. खरं आहे का? माझं तर डायलिसिस अजून लांब आहे. (संगमनेर तालुका)

उत्तर: ताई, ज्या कुणी सांगितलं त्यांना माझा नमस्कार सांगा. या सगळ्या अंकात एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

तुमचा डावा हात समोर धरा, तळवा वर. अंगठ्याच्या बाजूने मनगटापासून कोपरापर्यंत एक निळसर शीर वर जाताना दिसेल, काहींना दिसत नाही पण दंडाला ओढणी बांधली की बोटाला लागते. फिस्टुला बहुतेक वेळा ह्याच शिरेचा करतात. आणि सलाईन लावायला, इंजेक्शन द्यायला सगळ्यांना सोयीची शीर कुठली? हीच. प्रत्येक सलाईनच्या सुईने, व्हिगोने (सलाईनसाठी शिरेत ठेवतात ती बारीक प्लास्टिकची नळी) शिरेला आतून इजा होते, सूज येते, ती भरून येताना शीर आकसते, कधी दोरीसारखी कडक होऊन बंद होते. वरून बघून कळत नाही. मग चार वर्षांनी सर्जन डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करतात आणि म्हणतात मनगटापाशी शीर ठीक आहे पण मध्ये चार इंच ब्लॉक आहे. मी स्वतः डायलिसिसला यायच्या आधी पाच वर्षं वॉर्डमध्ये होते आणि किडनीच्या पेशंटना ह्याच शिरेत शेकडो व्हिगो लावले, पहिल्या फटक्यात लागायचे, मला त्याचं कौतुक होतं. कुणी सांगितलंच नव्हतं. नंतर त्यातलेच दोन-तीन पेशंट माझ्याकडे डायलिसिसला आले, हातात एक शीर उरलेली नाही, तेव्हा मला कळलं मी काय केलंय. म्हणून हे इतकं घसा फोडून सांगते.

तर स्टेज 3 म्हणजे लांब नाही, हीच वेळ आहे. रक्त द्यायचं तर तळहाताच्या मागच्या बाजूने द्या, बोटांच्या वरच्या त्या बारीक शिरांमधून, तेही शक्यतो उजव्या हाताच्या. थोडं जास्त दुखतं, लॅबवाला कुरकुर करेल, बारीक बटरफ्लाय सुईने घ्या म्हणावं. डावखुऱ्या असाल तर उलटं, डावा वापरा आणि उजवा राखा, कारण ज्या हाताने आपण कामं करतो तो डायलिसिसच्या चार तासांत मोकळा असलेला बरा. सलाईन नुसत्या अशक्तपणासाठी घेऊच नका. एकतर किडनीच्या माणसाला ते मिठाचं पाणी आहे, अंगावर सूज चढते, आणि तुमचा अशक्तपणा बहुतेक रक्त कमी असल्याचा असणार, त्याला सलाईनचा उपयोग शून्य. हिमोग्लोबिन तपासा आणि नेफ्रोंना दाखवा. इमर्जन्सी आली, खरंच सलाईन लागलं, तर तेव्हा हात बघत बसायचं नाही, जीव आधी, पण तेव्हाही तळहाताच्या मागे लावा म्हणून सांगता येतं. मोठ्या हॉस्पिटलात बऱ्याच दिवसांच्या अँटिबायोटिकसाठी दंडातून छातीपर्यंत जाणारी लांब लाईन टाकतात, पिक लाईन म्हणतात तिला, ती टाकायच्या आधी मला किडनीचा आजार आहे हे चार वेळा सांगा.

बोलायला संकोच वाटतो हे मला माहितीये. आमच्या एका पेशंट काकूंनी फाईलच्या पुठ्ठ्यावर मार्करने लिहून ठेवलंय, "डावा हात, सुई नाही, बीपी नाही", आणि टेबलावर फाईल अशी ठेवतात की समोरच्याला ते वाचावंच लागतं. तोंडाने एक शब्द बोलत नाहीत.

प्रश्न: ऑपरेशन किती मोठं असतं? भूल देतात का? किती दिवस राहावं लागतं? (पनवेल)

उत्तर: फक्त हाताला बधिर करतात, तुम्ही जागे असता, तास-दीड तास लागतो आणि बऱ्याच ठिकाणी त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. आधी दोन्ही हातांचा डॉपलर होतो, शीर साधारण दोन-अडीच मिलिमीटर तरी रुंद हवी, धमनी दोन मिलिमीटर. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या आधीच सांगा, मनाने बंद करू नका. टाके दहा-चौदा दिवसांनी निघतात. पहिले काही दिवस हात उशीवर थोडा उंच ठेवायचा.

एक गोष्ट सांगावीशी वाटते कारण मला ती फार आवडते. डायलिसिसचं मशीन कोल्फ नावाच्या डॉक्टरांनी हॉलंडमध्ये 1943 लाच केलं होतं, पण दरवेळी नवीन रक्तवाहिनी कापावी लागायची, मग किती वेळा कापणार, म्हणून कायमचं डायलिसिस कुणाला देताच यायचं नाही. 1960 मध्ये सिएटलच्या स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनची नळी धमनीत आणि शिरेत कायमची बसवली, ती हाताच्या बाहेर लोंबायची, गुठळी व्हायची, इन्फेक्शन व्हायचं. मग न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात सिमिनो, ब्रेसिया, अपेल ह्या डॉक्टरांनी ठरवलं की बाहेरची नळीच नको, हातातलीच शीर वापरू, आणि 1966 मध्ये ते छापून आलं. सिमिनो हे शिकत असताना रक्त काढायचं काम करायचे, म्हणजे शिरा बघून बघून डोळा तयार झालेला माणूस. आज साठ वर्षं होत आली, मशीनं कुठल्या कुठे गेली, पण मनगटावरची ती जोडणी तीच आहे.

प्रश्न: मिसेसचा फिस्टुला होऊन पंधरा दिवस झाले. बॉल दाबायला सांगितलाय, किती वेळा? आणि डाव्या हातात बांगड्या घातल्या तर चालतील का, घरात मोठ्या माणसांचं म्हणणं आहे की हात मोकळा ठेवू नये. (जत)

उत्तर: बॉल कणकेसारखा मऊ घ्या, टेनिस बॉल नको तो फार कडक असतो. सर्जननी हो म्हटल्यापासून सुरू, दिवसातून चार-पाच वेळा, दरवेळी पाच-दहा मिनिटं, हळू दाबायचा, सोडायचा. टीव्ही बघताना होतं ते.

बांगड्यांचं मी नीट सांगते कारण ह्यावरून घराघरात भांडणं होतात. त्या हातावर काहीच घट्ट नको. बांगड्या, घड्याळ, गंडा, रक्षासूत्र, घट्ट बाहीचा ब्लाऊज, कोपरात अडकवलेली भाजीची पिशवी, सगळं बंद. त्या कुशीवर, हात डोक्याखाली घेऊन झोपणंही बंद. दाब पडला की आतला प्रवाह मंदावतो आणि गुठळी होते. काचेची बांगडी फुटून फिस्टुलावर लागली तर रक्त थांबवणं अवघड जातं, त्यात धमनीचं प्रेशर असतं. उजव्या हातात दुप्पट घाला की बांगड्या! आमच्याकडे एकीच्या सासूबाईंनी स्वतःच हा तोडगा काढला, एक हात भरलेला असला की झालं म्हणाल्या, विषय संपला.

आणि दादा, मिसेसना एक सवय आजच लावा. टाक्याच्या जागी बोटं हलकेच टेकवा, आत थरथर जाणवेल, आम्ही तिला थ्रिल म्हणतो. पिठाची गिरणी चालू असताना तिच्या पत्र्याला हात लावल्यावर कसं लागतं, तस्सं. कान लावला तर घुर्र घुर्र आवाज येतो. सकाळ-संध्याकाळ बघायचं, विशेष करून जुलाब-उलट्या झाल्या असतील, बीपी उतरलं असेल तेव्हा तर बघायचंच, अंगातलं पाणी कमी झालं की फिस्टुला बंद पडायची भीती असते.

प्रश्न: माझ्या मानेत पर्मकॅथ (डायलिसिसची नळी) आहे, आठ महिने झाले. सुया टोचायच्या नाहीत, दुखत नाही, छान चाललंय. मग हातावर फिस्टुला कशाला करायचा? (नांदेड)

उत्तर: सुया टोचत नाहीत हे खरंय आणि तुम्हाला ते बरं वाटतं हे मी समजू शकते. पण पर्मकॅथचं एक टोक अंगाबाहेर आणि दुसरं हृदयापाशी. इन्फेक्शनचा धोका तीन प्रकारांत, म्हणजे फिस्टुला, ग्राफ्ट (पूर्ण कातडीखाली असते ती प्लास्टिकची नळी) आणि तुमच्यासारखी बाहेर येणारी नळी, यांत ह्या बाहेर येणाऱ्या नळीलाच सगळ्यात जास्त. शिवाय नळी जितकी जास्त दिवस राहते तितकी छातीतली मोठी शीर आतून आकसायची शक्यता वाढते, आणि ती आकसली की त्या बाजूच्या हातावर पुढे फिस्टुला केला तरी हात सुजतो. गळपट्टीच्या हाडाखालून टाकलेली नळी ह्या बाबतीत सगळ्यात वाईट, म्हणून मानेतून, तेही उजवीकडून टाकतात. आठ महिने नीट गेले कारण तुम्ही आणि तुमच्या युनिटने काळजी घेतलीये. त्याच काळजीत हाताचा डॉपलर करून घ्या. तोवर नळीवर पाणी नाही, डोक्यावरून आंघोळ नाही, आणि थंडी वाजून ताप आला की क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, त्याच रात्री हॉस्पिटल.

प्रश्न: आई 79 वर्षांची, हृदयाचं पंपिंग कमी आहे, हात काडीसारखे. तिलाही फिस्टुला करायलाच हवा का? (पुणे)

उत्तर: करायलाच हवा असं नाही. पूर्वी सरसकट फिस्टुला आधी असं चालायचं, आता प्रत्येकाचं वय, हृदय, शिरा आणि पुढे किती वर्षं डायलिसिस लागेल हे बघून ठरवतात. फिस्टुलामुळे हृदयावर कामाचा भार वाढतो, पंपिंग कमी असलेल्यांना तो झेपेल का हे हृदयवाल्या डॉक्टरांनी सांगायचं. काहींना प्लास्टिकची नळी कातडीखाली घालतात, तो ग्राफ्ट, काहींना पर्मकॅथच बरा पडतो. आणि पोटाचं डायलिसिस, सीएपीडी, त्याबद्दल जरूर विचारा, त्याला शीर लागतच नाही आणि ते घरी होतं, पण ते करायला घरात एक खमकं माणूस हवं. आईला स्वतःला काय हवंय हेही शांतपणे विचारा, बऱ्याच घरांत तेवढंच राहून जातं.

प्रश्न: फिस्टुला झाल्यापासून बोटं गार पडतात, रात्री ठणकतात. (वाचक, गाव लिहिलेलं नाही)

उत्तर: रक्त शिरेकडे जास्त वळतं म्हणून बोटांना कमी पडतं. नुसतं गार असेल तर हातमोजा घाला आणि पुढच्या डायलिसिसला सांगा. ठणका असेल, बोट काळंनिळं दिसत असेल, मुठीत जोर राहिला नसेल, जखम झाली असेल तर थांबू नका, सर्जनकडे आजच.

प्रश्न: खर्च झेपणार नाही, योजनेत होतं का? (धाराशिव)

उत्तर: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे, आणि 2016 पासून केंद्राच्या डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळतं. योजनेतल्या हॉस्पिटलात दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशन कार्ड, आधार, नेफ्रोंची चिठ्ठी घेऊन आधी तिथे जा आणि फिस्टुलाची मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्या. नंतर कागद घेऊन गेलात तर हात हलवत परत याल.

प्रश्न: ताई, मिस्टरांच्या हाताची थरथर आज सकाळपासून लागत नाहीये. दुखत वगैरे नाही. डायलिसिस परवा आहे, तेव्हाच दाखवलं तर चालेल ना? (इचलकरंजी)

उत्तर: हा मेसेज मी दुपारी पावणेदोनला वाचला आणि अंकाची वाट न बघता लगेच फोन केला, कारण ह्याला परवापर्यंत थांबायचं नसतं. थरथर गेली म्हणजे बहुतेक आत गुठळी झालीये, आणि ताजी असताना ती काढता येते, एक-दोन दिवस गेले की अवघड होत जातं आणि मग तोच फिस्टुला पुन्हा मिळत नाही. वाट बघायची नाही अशी अजून एक गोष्ट आहे ती पण इथेच लिहून ठेवते, सुईच्या जागेवरून रक्ताची धार लागली तर टॉवेल गुंडाळत बसायचं नाही, नेमक्या त्या भोकावर दोन बोटांनी घट्ट दाबायचं, हात वर धरायचा, 108 लावायचा आणि बोटं उचलून बघायचं नाही.

हे दादा चार वाजेपर्यंत सर्जनकडे पोचले होते. संध्याकाळी गुठळी काढली, रात्री वहिनींचा मेसेज आला, "गिरणी सुरू झाली".